दहा स्वच्छ दिवस

औलू, ३ नोव्हेंबर २००२

चि. हेल्वीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. तुर्कूत अजून पाऊसच पडतो आहे हे वाचून तुझी कीव आली. इथे परवापासून बर्फ टिकायला लागला आहे. म्हणजे या अंधारात थोडा उजेड पडला म्हणायचा.

काल तुझा लेक येऊन गेला. दर वर्षीप्रमाणे माझी सायकल अंगणात उलटी केली, उन्हाळ्याचे टायर काढले आणि बर्फावर पकड घेणारे खिळ्यांचे चढवले. या वेळी ओत्सोनं परस्पर नवे टायर आणले, चांगले जाडजूड, अडीचशे खिळ्यांचे. जुने अजून दोन हिवाळे गेले असते असं मी म्हटलं. त्यावर साहेब म्हणाले की मावशी, तू मनगट मोडून घेतलंस तेव्हा तीन आठवडे माझ्या आईच्या हातचं जेवावं लागलं होतं, ते पुन्हा सोसवणार आहे का तुला. तुझं माशाचं सूप आठवलं आणि मी त्याच्या हाती पाना दिला. मागचं चाक नीट साफ करतो म्हणून तो घरी घेऊन गेला आणि संध्याकाळी आणून बसवलं. वेलदोड्याचे चार पाव खाल्ले, पण एकदाही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. कारखान्यात काही बिनसलं आहे का त्याचं? विचारून बघ.

आता वचनाबद्दल. मार्चमध्ये मी पडले तेव्हा तू माझ्या पलंगाशी बसून माझ्याकडून ते वदवून घेतलंस, मी विसरलेली नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. इथेही लिहिते, म्हणजे नंतर तुला पळवाट नको आणि मलाही नको.

माझ्या घरापासून साइमाच्या दारापर्यंत सहा किलोमीटर चारशे मीटर. उन्हाळ्यात मला बावीस मिनिटं लागतात, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पंचवीस. ताजा बर्फ असला की बत्तीस. उणे पंचवीसला वंगण घट्ट होतं, टायर लाकडासारखे कडक होतात, अंगावर कांद्यासारखे कपडे असतात, तेव्हा अठ्ठावीस. आणि बर्फ वितळून रबरबाट झाला की किती लागतील ते देव जाणे. हा सगळा हवेचा वाटा, तो माझ्या माथी मारायचा नाही. म्हणून फक्त स्वच्छ दिवस धरायचे: वारा नाही, ताजा बर्फ नाही, थंडी उणे पाच ते उणे पंधरा. असे पहिले दहा दिवस. दहाच्या दहा दिवशी मी तीस मिनिटांच्या वर गेले, तर समजायचं की अडखळतो आहे तो रस्ता नव्हे, इंकेरी आहे. मग घर विकून मी तुझ्याजवळ येईन आणि तोंडातून ब्र काढणार नाही. दहातला एक जरी दिवस तिशीच्या आत आला, तर तू हा विषय जन्मात पुन्हा काढायचा नाहीस.

येणार नाहीच म्हणा मी. साइमाच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी बरोबर पावणेनऊला निघते, ती नऊला कॉफी चढवते, आणि मी दारात पोचते तेव्हा कॉफी उतरलेली असते. मग मी तिला अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवते, मृत्यूच्या जाहिरातींसकट. आम्ही दोघी तीस वर्षं औषधाच्या एकाच दुकानात उभ्या राहिलो, त्यामुळे गेलेल्या प्रत्येकाचं खरं दुखणं आम्हाला ठाऊक असतं. हे सोडून मी तुर्कूला येऊन काय तुझे पडदे मोजू?

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.
तुझी
इंकेरीताई

तुर्कू, १३ नोव्हेंबर २००२

ती. इंकेरीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा वाटलं की सिस्टर अलोयशियांनी कॉन्व्हेंटमध्ये तुझ्या हातात मोजपट्टी दिली ती काढून घ्यायची राहिली. मला त्यांनी सुई दिली होती. म्हणून तू माणसांना मोजतेस आणि मी टाके घालत बसते.

ओत्सोचं कारखान्यात सगळं ठीक आहे. तो तुझी काळजी करतो, इतकंच. तूच सांग, पासष्टी उलटलेल्या बाईनं अंधारात, उणे पंधराला, दोन पूल ओलांडून सायकल हाणायची, ती कशासाठी, तर दुसऱ्या म्हातारीला मेलेल्यांची नावं वाचून दाखवायला. आमच्या इथे ही गोष्ट सांगितली तर लोक मला विचारतात की तुझी बहीण वेडी आहे का. मी म्हणते की नाही, ती औलूची आहे.

माझ्या मजल्यावरचं समोरचं घर अजून रिकामं आहे. खिडकीतून नदी दिसते. परवा मी चुकून टेबलावर दोन बश्या मांडल्या. आर्मासला जाऊन दोन वर्षं झाली, नवरा नाही हे हाताला मात्र अजून कळलेलं नाही. असो.

पहिला स्वच्छ दिवस झाला की लगेच कळव. आणि सायकल उगाच उघडून बघत बसू नकोस, ओत्सोनं सगळं नीट लावून दिलं आहे. साइमाबाईंना नमस्कार.

तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू नकोस.
तुझी
हेल्वी

औलू, ८ डिसेंबर २००२

चि. हेल्वीस,
अ. आ. वि. वि.

चार स्वच्छ दिवस झाले. एकतीस, एकतीस, बत्तीस, एकतीस. खोटं लिहायची मला सवय नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

पहिल्या दिवशी वाटलं, बर्फ सारणाऱ्या गाडीनं काम चुकवलं असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला उठून नदीकाठी जाऊन उभी राहिले. गाडी वेळेवर आली, रस्ता टेबलासारखा करून गेली, मागून खडीही टाकली. चालकाला मी आधीच खिडकी खाली घ्यायला लावून चार शब्द सुनावले होते, तेव्हा तो म्हणाला की बाई, मी वीस वर्षं हा रस्ता साफ करतो आहे, तुम्हाला काय कमी पडलं ते तरी सांगा. तिसऱ्या दिवशी त्याला दोन पाव नेऊन दिले आणि माफी मागितली. तुला माहीत आहे माझ्या जिवावर येतं ते.

नव्या टायरांचं एक मिनिट मी धरलं आहे. जड आहेत, खिळे जास्त, रस्ता जास्त धरतात. पण सहा मिनिटं टायर खात नाहीत. शिवाय चमत्कारिक गोष्ट अशी की मला दम लागत नाही. पाय जड होत नाहीत. उलट पाय नुसते भराभर फिरतात, कॉफीचं जातं फिरवावं तसे, आणि रस्ता काही पुढे सरकत नाही. म्हातारपण असं येतं का? मला वाटलं होतं की ते गुडघ्यातून येईल, छातीतून येईल. हे म्हणजे मी तिथल्या तिथे राहते आणि पूल माझ्यापासून लांब गेला आहे. काल सायकलला मागे पोराची खुर्ची लावलेली एक बाई मला मागे टाकून गेली. पोरानं वळून मला हात केला. उलट हात करायलाही मला जमलं नाही, इतका राग आला होता.

साइमाची कॉफी रोज निवायची. आता ती नऊ वाजून सहा मिनिटांनी चढवते. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सहा दिवस बाकी आहेत. एक पुरे.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त थोडे उशिरा पोचतील.
तुझी
इंकेरीताई

तुर्कू, १८ डिसेंबर २००२

ती. इंकेरीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू इतकी मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. ताई, वय सगळ्यांचंच होतं. माझ्याही हातातून हल्ली सुई सुटते. त्यात लाज कसली?

तू उर्पोच्या दुकानात सायकल दाखवायचं म्हणत होतीस, असं ओत्सो म्हणाला. कशाला उगाच? दुकानदार काहीतरी खोट काढणारच, त्याचा धंदाच तो. आणि डॉक्टरकडेही धावू नकोस. तुझा तुझ्या वहीवर विश्वास आहे ना, मग वही जे सांगेल ते ऐक. चाळीस वर्षं तू मला हेच सांगत आलीस.

नाताळचे मोजे पाठवते आहे, एक जोड साइमाबाईंनाही. समोरच्या घराबद्दल मी मालकाशी सहज बोलून ठेवलं आहे. अगदी सहज.

तुझा हात डोक्यावर असू दे, फार काही मागत नाही.
तुझी
हेल्वी

औलू, १९ जानेवारी २००३

चि. हेल्वीस,
अ. आ. वि. वि.

दहावा दिवस दहा तारखेला झाला. उणे अकरा, झाडाचं पानही हलत नव्हतं, रस्ता असा की त्यावर इस्त्री करावी. मनात म्हटलं, इंकेरी, आज नाही तर कधीच नाही. पुलावर उभं राहून पॅडल मारलं, या वयात. तीस मिनिटं आणि चाळीस सेकंद.

साइमाच्या पायरीवर बसून मी वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. पट्टीनं.

तू नको म्हणालीस तरी मी डॉक्टरकडे गेले होते. छातीला तारा लावून मला जागेवरच्या सायकलवर बसवलं. तो पोरगेला डॉक्टर म्हणाला की तुमचं हृदय पन्नाशीच्या बाईचं आहे, तुम्हाला काय होतंय? मी म्हटलं, मला सहा मिनिटं होतंय. त्याला काही कळलं नाही. मी त्याला मूर्ख म्हटलं आणि आले. मग स्की काढल्या आणि चर्चच्या बाजारासाठी देऊन टाकल्या. ज्या पायांवर सहा किलोमीटरचा भरवसा धरता येत नाही त्यांना जंगलात कुठे नेऊ? एक काठीही घेतली आहे. ती अजून दारामागे आहे, पण घेतली आहे.

मला हिवाळ्याचा राग नाही. हिवाळ्यानं मला कधी फसवलं नाही. जितकं घेतो तितकं आधी सांगून घेतो. राग आहे तो या पायांचा, की साठ वर्षं सोबत करून शेवटी न सांगता गेले.

वचन दिलं आहे ते पाळते. घरासाठी एक तरुण जोडपं येऊन गेलं. त्यांना माझं स्वयंपाकघर जुनाट वाटलं, तरी पसंत आहे म्हणाले. चौदा फेब्रुवारीला सह्या. समोरच्या घराचं तू नक्की कर.

साइमाला मी शुक्रवारी सांगितलं. तिनं कप चाचपून बशीत ठेवला. मग म्हणाली की माझा मुलगा मला रोवानिएमीला बोलावतो आहे, गेली चार वर्षं. तू येत होतीस म्हणून मी त्याला नाही म्हणत होते, आता हो म्हणते. त्याच दिवशी तिनं त्याला फोन केला. आठ फेब्रुवारीला तो गाडी घेऊन येणार आहे. तिचं घर लगेच दुसऱ्यांना दिलंसुद्धा.

एवढंच. तुझ्या घराला पायरी किती उंच आहे ते कळव.

जे आहे ते तुझंच आहे, आता तर सामानासकट.
तुझी
इंकेरीताई

तुर्कू, २६ जानेवारी २००३

ती. इंकेरीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आनंद झाला असं लिहायचं होतं, पण त्या काठीपाशी येऊन हात थांबला. तू काठी घ्यावीस असं मला कधीच वाटलं नव्हतं, खरंच सांगते. काठी कशाला? आणि स्की का दिल्यास?

समोरचं घर नक्की केलं. पायरी नाही, लिफ्ट आहे. खिडकीला निळे पडदे शिवले. सकाळची कॉफी माझ्याकडे, संध्याकाळची तुझ्याकडे, आणि भांडण कुणाकडेही. साइमाबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण त्यांना नातवंडं मिळतील. त्यांचंही भलंच होईल, नाही का?

सायकल इकडे आणू नकोस. तिथेच कुणाला देऊन टाक, किंवा ओत्सोकडे दे, तो बघेल काय करायचं ते. इथे तुला ती लागणारच नाही.

लवकर ये. माझ्यावर रागावायचं झालं तर इथे येऊन रागाव.
तुझी
हेल्वी

औलू, ९ फेब्रुवारी २००३

हेल्वी,

काल साइमा गेली. मुलगा खोकी गाडीत भरत होता आणि आम्ही दोघी पायरीवर उभ्या होतो. मी सायकल कुणाला द्यावी असं तिला सहज विचारलं. ती म्हणाली, कुठली, जुनी की नवी? मी म्हटलं, माझ्याकडे एकच सायकल आहे, गेली नऊ वर्षं तीच. तेव्हा ती हसली आणि म्हणाली की आता जातेच आहे तर सांगते, मला नोव्हेंबरातच कळलं होतं तू सायकल बदललीस. पूर्वी फाटकापासून पायरीपर्यंत तुझं उजवं पॅडल पाच वेळा कुरकुरायचं. या हिवाळ्यात सहा वेळा कुरकुरतं. तिला वाटलं, मी वयोमानानुसार हलकी सायकल घेतली आणि लाजेनं सांगत नाही. ज्यानं लपवलं त्याला विचारू नये, म्हणून ती तीन महिने गप्प राहिली. उशिराची कॉफी पीत मीही गप्प, आणि कुरकुर मोजत तीही गप्प. आम्ही इथली माणसं अशी, काय करणार.

तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी सायकल हातात धरून थेट उर्पोच्या दुकानात चालत गेले. चेनवरचं पत्र्याचं झाकण त्यानं उघडलं. नऊ वर्षांपूर्वी सायकल घेतली तेव्हा मी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. मागच्या चाकावरचं चेनचं चक्र, अठरा दाते. उर्पोनं बोटानं मोजले, मी चष्मा लावून मोजले. बावीस. मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. चार दाते जास्त, म्हणजे पॅडल हलकं, पण तेवढ्याच रस्त्याला ते जास्त वेळा फिरवायचं. मग तो डोकं खाजवत म्हणाला की हे तर आपल्याकडचंच, ऑक्टोबरात तुमचा भाचा घेऊन गेला, मावशीच्या गुडघ्यांना हलकं पडावं म्हणून. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. तो म्हणाला, मला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल.

पाय भराभर फिरतात आणि रस्ता सरकत नाही. मी तुला हे लिहिलं होतं, हेल्वी. डिसेंबरमध्ये, माझ्या हातानं. तू ते वाचलंस आणि उत्तर दिलंस की वय सगळ्यांचंच होतं. त्यात लाज कसली, असंही लिहिलंस. आज ते पत्र काढून पुन्हा वाचलं. सायकल उघडू नकोस, उर्पोकडे जाऊ नकोस, डॉक्टरकडे जाऊ नकोस, वहीवर विश्वास ठेव. किती मायेनं लिहिलं होतंस. मी ते उशाशी ठेवलं होतं.

तू माझ्याशी खोटं बोलली असतीस तर मी सोडून दिलं असतं. लहानपणापासून तू जॅमच्या बरणीबद्दल खोटं बोलतेस. पण तू माझ्या वहीला खोटं बोलायला लावलंस. मी आयुष्यात ज्या एका साक्षीदारावर विसंबले तो तू फितवलास. चर्च, डॉक्टर, नवरा न करण्याचा माझा निर्णय, सगळ्यांवर मी शंका घेतली. त्या आकड्यांवर नाही. आणि तुला हे माहीत होतं, म्हणून तर तू नेमकी तिथे हात घातलास.

तीन महिने मी आरशात म्हातारी बघितली. दुकानात रांगेत लोकांना पुढे जाऊ दिलं. एका भल्या डॉक्टरला मूर्ख म्हटलं, तर बरोबर तोच होता. माझ्या स्की कुणीतरी नेल्या. आणि साइमा रोवानिएमीला आहे. तिचं घर गेलं. माझं वाचवता येईल, उद्या सकाळी त्या जोडप्याला नाही म्हणून सांगणार आहे, ते मला काय म्हणायचं ते म्हणोत. साइमाला मी काय सांगू? की तू माझ्या पायांसाठी घर सोडलंस आणि पाय जागेवरच आहेत?

तिचं भलंच होईल, नाही का, असं तू विचारलं होतंस. उत्तर देते. नाही.

समोरच्या घराच्या खिडकीचे पडदे उतरव.

लोभाची ओळ या पत्राखाली नाही. शोधू नकोस.

इंकेरी

औलू, १२ फेब्रुवारी २००३

ती. इंकेरीमावशीस,
सा. न. वि. वि.

दोनदा येऊन गेलो, तू दार उघडलं नाहीस. आत दिवा होता. म्हणून त्याच गावातून पत्र टाकतो आहे.

चक्र मीच बदललं. टायर तुझ्या भल्यासाठी आणले होते, ते खरं. चक्राचं आईनं सांगितलं. ती म्हणाली की ताई पुन्हा पडली आणि या वेळी मान मोडली तर? वेग कमी झाला तर पडायची भीतीही कमी होईल, एवढंच मी मनाला समजावलं. तुमच्या दहा दिवसांच्या वचनाबद्दल मला त्या दिवशी अंगणात तुझ्याकडूनच कळलं. तेव्हा चाक माझ्या गाडीत होतं. परत जुनंच बसवून आणू शकलो असतो. आणलं नाही. वर तुझे पाव खाल्ले.

आईला एकटीलाच दोष देऊ नकोस. हात माझे होते.

जुनं अठरा दात्यांचं चक्र तुझ्या दारातल्या पेटीत ठेवलं आहे, तेल लावून. म्हणशील तेव्हा येऊन बसवीन. नको म्हणालीस तर तेही बरोबर आहे.

क्षमा मागायचं तोंड नाही, तरी मागतो.
तुझा
ओत्सो

तुर्कू, २ मार्च २००३

ती. इंकेरीताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे लिहिते आहे आणि फाडते आहे. आज जे लिहीन ते पाठवणार.

तू पडशील ही भीती खरी होती, पण ती मी पुढे केली. तिच्या मागे दुसरं होतं. आर्मास गेल्यापासून मी दिवसभरात कुणाशी बोलले का, हे संध्याकाळी आठवून बघते. पुष्कळदा दुकानातल्या मुलीला धन्यवाद म्हटलेलं असतं, तेवढंच. तुझं पत्र येतं त्यात साइमा असते, कॉफी असते, पूल असतो. मला त्या कॉफीचा हेवा वाटायचा. एका आंधळ्या बाईचा मी हेवा केला, ताई.

ये म्हटलं असतं तर तू हसली असतीस. मला मोजून दाखव तुझा एकटेपणा, असं म्हणाली असतीस. माझ्याकडे आकडा नव्हता. म्हणून तुझा आकडा बदलला.

काठीचं वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पडदे शिवत बसले.

पडदे उतरवले आहेत. तुझ्या मायेवर आता माझा हक्क नाही, पण सवय जात नाही.
तुझी
हेल्वी

औलू, २७ एप्रिल २००३

चि. हेल्वीस,

चि. लिहिलं आहे, कारण धाकटी आहेस ते काही बदलत नाही. आशीर्वाद या वेळी गृहीत धरू नकोस.

ओत्सोला मी बोलावलं नाही. अठरा दात्यांचं चक्र मी स्वतः बसवलं, उर्पोच्या दुकानात, त्याला हात लावू न देता. दोन तास लागले आणि एक नख गेलं. मग मोजलं, कारण तुला ठाऊक आहे मी मोजणारच. त्या जाड टायरांवर सत्तावीस मिनिटं. जुने टायर चढवल्यावर सव्वीस. गेल्या हिवाळ्यात पंचवीस होती. म्हणजे तू चार मिनिटं घातलीस, टायरांनी एक, आणि उरलेलं एक मिनिट खरोखरच माझ्या वयाचं आहे. ते मी वहीत लिहिलं. ते माझं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तुझ्या दहा दिवसांवर मात्र तांबडी काट मारली आणि कडेला लिहिलं, साक्ष ग्राह्य नाही.

सायकल रोज चालवते. पावणेनऊलाच निघते. साइमाच्या जुन्या फाटकापाशी जाते, पॅडल पाच वेळा कुरकुरतं, आणि परत फिरते. तिथे आता दोन विद्यार्थी राहतात. सकाळी नऊला ते झोपलेले असतात आणि घरातून कॉफीचा वास येत नाही. घरी येऊन साइमाला फोन लावते आणि मृत्यूच्या जाहिराती वाचून दाखवते. सुनेची कॉफी पातळ आहे म्हणून ती कुजबुजत सांगते, सून जवळपास असते म्हणून. तिला मी सगळं खरं सांगितलं. तिकडे आधी दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली की तुझ्या बहिणीनं मला विचारलं असतं तर मीच तुला चार महिने तिला उधार दिलं असतं, नंतर परत मागितलं असतं. मला हे सुचलं नसतं. मी अजूनही तितकी चांगली नाही.

तुझं पत्र मी खूप दिवस उघडून ठेवलं होतं. माझ्याकडे आकडा नव्हता, असं तू लिहिलंस. दोन बश्या. नोव्हेंबरच्या पत्रात तू लिहिलं होतंस की चुकून दोन बश्या मांडल्या. आकडा होता, हेल्वी. मी तो वाचला आणि पुढच्या ओळीवर गेले, कारण मला तुला माझी मिनिटं सांगायची घाई होती. एवढी चूक माझ्या नावावर लिही. बाकीची तुझ्या.

ये, मला एकटं वाटतं, एवढं तू लिहिलं असतंस, तर मी आले असते का? महिनाभर विचार केला. कायमची नसते आले. पण दर हिवाळ्यात बर्फाचा रबरबाट असतो ते सहा आठवडे आले असते, नाही तरी त्या दिवसांत इथे सायकलचं काही खरं नसतं. साइमाला तेवढं सांभाळता आलं असतं. ते तू मागितलं नाहीस. तुला सगळं हवं होतं, म्हणून तू सगळं घालवलंस. माझंही.

रस्ते परवा पूर्ण मोकळे झाले, उन्हाळ्याचे टायर चढवले. ओत्सो फाटकाबाहेर उभा होता. आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पंप लागला तेव्हा त्यानं हात पुढे केला, मी दिला. पाव मिळाला नाही त्याला.

जूनमध्ये आठवडाभर तुझ्याकडे येते आहे, आगगाडीनं. परतीचं तिकीट आधीच काढलं आहे, त्याची तारीख बदलत नाही. सायकल सोबत आणते. तुझ्या दारात ती रात्रभर उभी राहील आणि सकाळी मी झाकण उघडून दाते मोजीन. दर सकाळी मोजीन, सातही दिवस, तुझ्यासमोर. ते तुला सोसावं लागेल. मोजून झालं की कॉफीला बसू.

टेबलावर दोन बश्या मांड. या वेळी चुकून नको.

लोभाबद्दल विचारशील, तर तो थांबलेला नाही. पण त्याच्या पुढच्या चाकाखाली अजून बर्फ आहे, आणि मी त्याला घाई करणार नाही.

इंकेरीताई